घरच्या घरी शिशाच्या गोळ्या ओतण्याचा छंद : सुरुवात कशी करावी?

ओहायोवासी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि नेमबाजीच्या क्लबात नियमाने जाणाऱ्या मराठी मंडळींकडून एक प्रश्न वरचेवर येतो: रिव्हॉल्व्हरसाठी लागणाऱ्या शिशाच्या गोळ्या स्वतः ओतायच्या असतील, तर आरंभ कुठून करावा? त्याचे उत्तर एका जागी सापडावे म्हणून हा धागा काढत आहे. येथे गोळी म्हणजे काडतुसाच्या तोंडाशी बसणारा शिशाचा भाग एवढाच अर्थ घ्यावा. दारू मोजून काडतूस भरणे हे स्वतंत्र शास्त्र आहे आणि त्याची चर्चा या धाग्यात नको.

बहुतेक नवे लोक आधी भट्टी आणि साचा विकत घेतात आणि मग कोणते शिसे वापरावे याचा विचार करू लागतात. माझ्या मते क्रम नेमका उलटा असावा. सर्वांत आधी आपल्या बंदुकीच्या नळीचे अंतर्माप घ्यावे. शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, नळीत तेलाचा हात फिरवून, मऊ शुद्ध शिशाचा तुकडा पितळी किंवा लाकडी दांड्याने हलके ठोकत आरपार काढावा आणि त्यावर उमटलेल्या खाचांचा सर्वांत मोठा व्यास मायक्रोमीटरने मोजावा. ओतीव गोळी या मापापेक्षा साधारण ०.००१ इंचाने जाड असावी लागते. ०.३८ स्पेशल या काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नळीचे माप बहुधा ०.३५७ इंच निघते, म्हणून गोळी ०.३५८ ची ठेवतात. पण जुन्या शस्त्रांत हे माप बरेच इकडेतिकडे असू शकते. रिव्हॉल्व्हर असेल तर चक्रीच्या प्रत्येक घराचे पुढचे तोंडही मोजावे. ते नळीपेक्षा अरुंद असेल, तर कितीही जाड गोळी ओतली तरी ती तेथेच दाबली जाऊन बारीक होईल.

हे माप मी एवढे लावून धरतो, कारण नळीत शिसे चिकटण्याचा दोष नवशिक्यांना हमखास भेटतो आणि गोळी मऊ असल्यामुळे तसे होते, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा गोळी बारीक पडलेली असते. तिच्या कडेने निसटणारा तापलेला वायू शिशाचा पृष्ठभाग खरवडतो आणि ते शिसे पुढे नळीत चिकटून बसते. अशा वेळी मिश्रधातू आणखी कठीण केला, तर गोळी दाबाखाली फुगून फट बुजवू शकत नाही आणि दोष वाढतो.

आता धातूविषयी. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते आणि ब्रिनेल मापावर त्याची कठीणता साधारण ५ असते. कथील मिसळल्याने रस साच्याच्या कोनाकोपऱ्यांत नीट भरतो आणि अँटिमनीने गोळी कठीण होते. नव्वद भाग शिसे, पाच भाग कथील आणि पाच भाग अँटिमनी हे ‘लायमन नंबर दोन’ नावाने ओळखले जाणारे मिश्रण जुने आणि भरवशाचे आहे. त्याची कठीणता सुमारे १५ येते. रिव्हॉल्व्हरच्या मंद गतीच्या गोळ्यांना एवढी कठीणता लागतही नाही, १० ते १२ पुरते. प्रथम घेणाऱ्याने घटकांचे प्रमाण लिहून दिलेल्या तयार लगडी घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. भंगारातले शिसे स्वस्त पडते हे खरे, पण त्यात काय मिसळले आहे हे कळत नसेल, तर चुकलेल्या गोळीचे कारण साच्यात शोधायचे, तापमानात शोधायचे की धातूत, हेच समजेनासे होते. एका पौंडात ७००० ग्रेन असतात, म्हणजे १५८ ग्रेनच्या सुमारे ४४ गोळ्या निघतात. त्या हिशेबाने दहा पौंडांची खरेदी शिकण्यासाठी भरपूर झाली.

साधनांत तापमान राखणारी विजेची भट्टी, अ‍ॅल्युमिनियमचा दोन घरांचा साचा, धातूत बुडवता येणारा तापमापक, लांब दांड्याची पळी, चामड्याचे हातमोजे, पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट एवढे हवे. तळाशी तोटी असलेल्या भट्ट्या सोयीच्या असतात, परंतु तोटीत कचरा अडकला की ती ठिबकू लागते, त्यामुळे पळीने ओतायला शिकणे वाया जात नाही. भट्टीसाठी किंवा पळीसाठी स्वयंपाकघरातले एकही भांडे वापरू नये आणि वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ देऊ नये.

प्रत्यक्ष ओतताना मिश्रधातू ३७० ते ४०० अंशांच्या दरम्यान ठेवावा. साचा भट्टीच्या काठावर ठेवून आधी तापवावा. घावनाचा तवा नीट तापेपर्यंत पहिली एकदोन जशी बिघडतात, तशा सुरुवातीच्या गोळ्या सुरकुतलेल्या निघतात आणि त्या परत भट्टीत टाकायच्या असतात. रस एका लयीत ओतून साच्यावरच्या सरकत्या पट्टीवर जादा शिशाचा छोटा साठा राहू द्यावा, कारण गोळी थिजताना आकसते आणि तिला वरून रस ओढून घ्यावा लागतो. त्या साठ्याकडे लक्ष ठेवावे. आधी तो चकचकीत दिसतो, मग मध्यभागी किंचित खोलगट होतो आणि एकाएकी त्याची चमक मंदावते. त्यानंतर दोनतीन सेकंद थांबून पट्टी फिरवावी. घाई केली तर बुडाचा भाग फाटून निघतो, आणि गोळीचा नेम जितका तिच्या बुडावर अवलंबून असतो तितका टोकावर नसतो. साचा उघडून गोळ्या घडी घातलेल्या जाड टॉवेलवर पडू द्याव्यात. गरम गोळ्या फार मऊ असतात आणि एकमेकींवर आपटल्या तर त्यांना पोचे पडतात.

पाण्याविषयी वेगळे सांगतो, कारण येथे दुसरी संधी मिळत नाही. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पृष्ठभागाखाली गेला, तर त्याची वाफ होताना आकारमान सुमारे सतराशे पटींनी वाढते आणि भट्टीतला रस वर उसळून अंगावर येतो. ओलसर लगड, भंगारातल्या फटीत साचलेले पाणी, कपाळावरून निथळणारा घाम, जवळ ठेवलेली पाण्याची बाटली, यांतले काहीही पुरेसे आहे. चालू भट्टीत थंड लगड टाकायची असेल, तर ती आधी काठावर ठेवून पूर्ण तापवावी आणि चिमट्याने हळू सोडावी.

मृण्मयी

फार सविस्तर लिहिले आहे, धन्यवाद. माझ्या यजमानांना हा छंद सुरू करायचा आहे आणि घरात तीन वर्षांची मुलगी आहे. आमचे गॅरेज घराला जोडलेले असून त्यातच धुलाईयंत्र आहे. दार उघडे ठेवून पंखा लावला तर तेथे ओतकाम करता येईल का? धुराची भीती किती बाळगावी?

समिधा

मृण्मयीताई, मी औद्योगिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. शिशाचा उत्कलनबिंदू १७४९ अंश आहे. वर सांगितलेल्या तापमानाला त्याची वाफ अत्यल्प होते, त्यामुळे ‘धुराने विषबाधा होईल’ ही भीती लोक बाळगतात तेवढी मोठी नाही. खरा धोका भुकटीचा आहे. रसावर जी करडी-पिवळी साय येते ती काढून टाकताना तिची बारीक पूड होते. ती हातांवर, बाह्यांवर, बुटांच्या तळव्यांवर बसते आणि तेथून जेवणात, मोबाइलवर आणि मुलाच्या हातात पोहोचते. पंखा जर या पुडीवर वारा घालत असेल, तर तो उपयोगापेक्षा अपायच करील. हवा काम करणाऱ्याच्या मागून येऊन भट्टीवरून थेट बाहेर गेली पाहिजे.

तुमच्या परिस्थितीत, जोडलेल्या गॅरेजमध्ये, तेही कपडे धुण्याच्या जागी, हे काम करू नये असे मी स्पष्टपणे सांगेन. रांगणारी आणि वस्तू तोंडात घालणारी मुले हे शिसे मोठ्यांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात शोषून घेतात. मुलांच्या रक्तातील शिशासाठी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये संदर्भपातळी ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली, आणि त्याखालची पातळी सुरक्षित आहे असेही कोणी म्हणत नाही. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. तेथे ते अनेक वर्षे राहते आणि गरोदरपणात हाडांतले कॅल्शियम मोकळे होताना तेही रक्तात उतरते. घरात दुसऱ्या बाळाचा विचार असेल, तर हेही मनात ठेवावे.

परसात घरापासून दूर छपराखाली, कोरड्या दिवशी काम करता येईल. कामाचे कपडे आणि बूट तेथेच उतरवावेत, ते वेगळे धुवावेत, आणि हात साबणाने व थंड पाण्याने भरपूर चोळून धुतल्याखेरीज घरात येऊ नये. जागा कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे. अर्थात भट्टी पूर्ण थंड झाल्यावर. काम सुरू करण्यापूर्वी यजमानांनी एकदा रक्ततपासणी करून घ्यावी आणि नंतर दरवर्षी करत राहावे, म्हणजे तुलना करता येते. बंदिस्त नेमबाजी केंद्रात जाणाऱ्यांच्या रक्तात काडतुसाच्या टोपीतील (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या भागातील) शिशामुळेही पातळी वाढते, तेव्हा वाढलेल्या आकड्याचा सगळा दोष ओतकामावर टाकता येणार नाही.

विदेही

एक कायदेशीर बाब लिहिणे अत्यावश्यक वाटते, कारण वाचणाऱ्यांपैकी अनेकजण एच-१बी व्हिसावर असतील. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बिगरस्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा दारूगोळा बाळगता येत नाही. वैध शिकारपरवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत. त्याच कायद्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येत तयार काडतुसाबरोबर रिकामी नळकांडी, टोप्या, दारू आणि गोळ्या यांचाही स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणजे आपल्याकडे बंदूक नाही, नुसत्या ओतलेल्या गोळ्या आहेत, हा बचाव होऊ शकत नाही. ग्रीनकार्डधारकांना ही अडचण नाही. स्वतःच्या वापरासाठी ओतायला संघीय परवाना लागत नाही, पण विक्रीचा व्यवसाय करायचा असेल तर लागतो. राज्यांचे नियम त्याहून वेगळे असतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीसाठी शिशाचा दारूगोळा वापरता येत नाही, कारण मेलेल्या जनावरांतले शिसे खाऊन तेथील काँडर गिधाडे मरत होती. शंका असेल तर वकिलाला विचारावे, मित्राला नव्हे.

कल्हईवाला

दोन प्रश्न आहेत. आमच्या लहानपणी दारावर येणारा कल्हईवाला भांडे तापवून नवसागर टाकायचा आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचा. शिशातील मळ काढण्यासाठी तोच नवसागर चालेल का? आणि माझ्या ओळखीच्या टायरवाल्याकडे चाकांची जुनी वजने बादलीभर पडलेली आहेत. ती वितळवून वापरावीत का?

ओहायोवासी

नवसागर वापरू नये. तो तापल्यावर अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असे विघटित होतो; त्याचा पांढरा धूर घशाला झोंबतो आणि भट्टीचे व साच्याचे लोखंड गंजवतो. कल्हईत तांब्यापितळेचा पृष्ठभाग स्वच्छ करण्यासाठी त्याची गरज असते, येथे ती नाही. आपल्याला फक्त वर आलेल्या कथील-अँटिमनीच्या ऑक्साइडमधून धातू परत मिळवायचा आहे आणि त्याला कार्बन पुरतो. सुक्या लाकडाचा भुसा मूठभर टाकून तो काळा पडेपर्यंत जळू द्यावा आणि लाकडी काठीने तळापर्यंत ढवळावे. काठीही पूर्ण सुकी हवी. मेणाचा तुकडाही चालतो, पण तो भडकन पेटतो, म्हणून हात लांब ठेवावा. साय दिसली की काढून फेकण्याची सवय लावून घेऊ नका, कारण त्या सायीबरोबर सर्वांत महाग घटक, म्हणजे कथील, निघून जाते.

चाकांची वजने एके काळी ओतकाम करणाऱ्यांचा मुख्य आधार होती. चिकटपट्टीवाली वजने जवळजवळ शुद्ध शिशाची आणि चिमट्यावाली थोड्या अँटिमनीची असतात. पण आता वॉशिंग्टन, मेन, कॅलिफोर्निया अशा राज्यांत शिशाच्या वजनांवर बंदी आहे आणि बादलीत जस्ताची व पोलादाची वजने मिसळलेली असतात. जस्त ४१९ अंशांना वितळते. एकदा ते मिसळले की रस लापशीसारखा घट्ट होतो आणि साच्यात भरत नाही. म्हणून वजने आधी हाताने निवडावीत. ‘झेडएन’ (म्हणजे जस्त) अशी खूण असेल तर बाजूला टाकावे. खूण नसेल तर कटरने चिमटून पाहावे. शिशात पाते सहज रुतते, जस्तात रुतत नाही. भट्टी ३७० अंशांच्या खाली ठेवली, तर नजरेतून सुटलेले जस्त न वितळता वर तरंगते आणि पळीने उचलता येते. हे काम गोळ्या ओतण्याच्या भट्टीत करू नये. बाहेर, वेगळ्या लोखंडी भांड्यात वितळवून लगडी पाडाव्यात आणि प्रत्येक लगडीवर खूण करावी.

भंगाराचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो: मोटारीच्या बॅटरीतील शिसे कोणीही वितळवू नये. त्यात आम्ल असते, पट्ट्यांत आर्सेनिक, अँटिमनी आणि कॅल्शियम असू शकते, आणि त्यांच्या मळीला पुढे ओल लागली तर आर्साइनसारखे प्राणघातक वायू निघू शकतात. बॅटरी पुनर्वापर केंद्रात द्यावी.

शिलेदार

मी तोंडाकडून भरायच्या जुन्या धाटणीच्या बंदुकीने नेमबाजी करतो, म्हणून त्या बाजूचे थोडे लिहितो. आमच्याकडे शिसे शुद्ध आणि मऊच लागते. १८४९ च्या मिनिए पद्धतीच्या गोळीला बुडाशी पोकळी असते. ती नळीत सैल उतरते आणि स्फोटाच्या दाबाने तिची कड फुगून नळीच्या खाचांत बसते. अँटिमनी मिसळलेले शिसे फुगत नाही आणि गोळी भलतीकडे जाते. शुद्ध शिसे मात्र साच्यात भरायला नाखूश असते, त्यामुळे आम्हाला तापमान ४२५ अंशांच्या आसपास न्यावे लागते आणि साचाही अधिक तापवावा लागतो.

गोळीला वंगणही हवेच, कारण काळ्या दारूची काजळी नळीत कडक होऊन बसते. १८५३ च्या एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसांना चरबी लावलेली असे ती याचसाठी, आणि त्या चरबीवरून १८५७ मध्ये बराकपूर आणि मेरठ येथे काय घडले हे आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत वाचलेले आहे. आज मी मधमाश्यांचे मेण आणि वनस्पतीतेल एकत्र वितळवून वापरतो आणि नळी दिवसभर साफ राहते. मांसजन्य चरबी ज्यांना नको असेल त्यांनी नि:संकोच हेच वापरावे.

हा छंद अमेरिकेच्या इतिहासात किती खोल रुजला आहे याचे उदाहरण म्हणून एक घटना नोंदवतो. ९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कमध्ये लोकांनी राजा तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा अश्वारूढ पुतळा पाडला. त्याचे तुकडे कनेटिकटमधील लिचफिल्ड येथे नेण्यात आले आणि तेथील स्त्रियांनी व मुलांनी त्यांतून मस्केटच्या ४२,०८८ गोळ्या ओतल्या. गोळ्यांची ही नोंद माणसागणिक ठेवलेली होती. चुलीवर शिसे वितळवून हातसाच्यात ओतण्याची जी रीत त्यांनी वापरली, तिच्यात आणि माझ्या परसातल्या रीतीत मूलभूत फरक नाही.

सागरतीर

मी रत्नागिरीजवळ राहतो आणि गळाने मासेमारी करतो. गोळ्या नाहीत, पण गळाला लावायची शिशाची वजने ओतण्यासाठी हीच पद्धत चालेल ना? आणि भारतात छंद म्हणून बंदुकीच्या गोळ्या ओतता येतात का?

विदेही

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, आणि त्या कायद्यातील व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग व तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. शस्त्रपरवाना असणे म्हणजे निर्मितीचा परवाना असणे नव्हे. भारतातून वाचणाऱ्यांनी या धाग्यातील गोळ्यांविषयीची माहिती केवळ माहिती म्हणूनच घ्यावी.

ओहायोवासी

सागरतीर, वजनांसाठी पद्धत तीच आणि काम पुष्कळ सोपे आहे, कारण मापातली बारीकसारीक चूक माशाला कळत नाही. शुद्ध शिसे चालते, कथीलही लागत नाही. मात्र कोकणातल्या दमट हवेत साचा, लगडी आणि पळी प्रत्येक वेळी आधी तापवून कोरडी करणे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त महत्त्वाचे आहे, आणि पावसाळ्यात हे काम करूच नये. किनाऱ्यावर मिळालेली जुनी वजने आधी गोड्या पाण्याने धुवून कडक उन्हात वाळवावीत. समिधाताईंनी सांगितलेले सर्व नियम तुम्हालाही लागू आहेत. गळ बांधताना शिशाचे मणी दातांनी चावून बंद करण्याची सवय असेल, तर ती आजच सोडावी. इंग्लंडमध्ये तळ्यांतले हंस असली लहान वजने गिळून मरू लागले, म्हणून तेथे १९८७ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. तलावात किंवा खाडीत मासेमारी करत असाल तर लोखंडी वजनांचाही विचार व्हावा.

व्यक्तिगत निरोपांत बऱ्याच जणांनी दोष ओळखण्याविषयी विचारले, त्याचे उत्तर येथेच देतो. गोळीवर सुरकुत्या असतील तर साचा थंड आहे किंवा त्यात तेलाचा अंश राहिला आहे. नवा साचा साबणाने आणि जुन्या दातघासणीने घासून, पूर्ण वाळवून मगच तापवावा. गोळी एकसारखी पांढुरकी, दाणेदार दिसत असेल तर साचा जास्त तापला आहे. अशी गोळी दिसायला मळकट असली तरी सहसा उत्तम चालते, तिला बाद करू नये. फक्त ओतण्याचा वेग थोडा कमी करावा. कडा गोलसर राहत असतील तर पाव-अर्धा टक्का कथील वाढवून पाहावे. साच्याच्या दोन भागांमध्ये शिशाचा पापुद्रा येत असेल, तर आधी जोडाच्या पृष्ठभागावर कण अडकला आहे का ते भिंगाने तपासावे.

ओतलेल्या गोळ्यांना वंगण म्हणून पातळ अ‍ॅलॉक्सचा (गोळ्यांसाठी मिळणाऱ्या मेणासारख्या वंगणाचा) हलका थर देणे सर्वांत सोपे आहे. अलीकडे अनेकजण गोळ्या रंगपूड लावून २०० अंशांवर वीस मिनिटे भाजतात. त्या आवरणामुळे नळी स्वच्छ राहते आणि हाताळताना शिसे बोटांना लागत नाही, म्हणून मलाही ही पद्धत अधिक पसंत आहे. त्यासाठी घेतलेली छोटी भट्टी कायमची त्याच कामाला ठेवावी आणि आवरण चढल्यावर जाडी पुन्हा मोजावी, कारण ते दोन हजारांश इंचापर्यंत माप वाढवते.

राहिला प्रश्न उरलेल्या मळीचा. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात कोरडी ठेवावी, डब्यावर ‘शिसे’ असे ठळक लिहावे आणि डबा भरला की आपल्या काउंटीच्या घातक कचरा संकलन केंद्रात द्यावा. घरच्या कचऱ्यात किंवा बागेच्या मातीत ती टाकू नये. समिधाताई, रक्ततपासणीत मोठ्या माणसांनी किती आकडा आला की ओतकाम थांबवावे, हे आपण लिहिलेत तर मी ते वरच्या मूळ लेखात जोडून घेईन.

समिधा

मोठ्यांसाठीही ३.५ हीच संदर्भपातळी धरली जाते, म्हणजे त्याहून जास्त आकडा आला तर शिसे कुठून येते आहे याचा शोध घ्यायला लागावे. दहाच्या पुढे आकडा गेला, तर ओतकाम आणि बंदिस्त केंद्रातील नेमबाजी दोन्ही थांबवून डॉक्टरांना भेटावे आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी. रक्तातील शिसे साधारण महिन्याभरात निम्मे होते, त्यामुळे कारण खरोखर दूर झाले आहे की नाही हे पुढच्या तपासणीत लगेच दिसते. गरोदर किंवा स्तन्यदा स्त्रियांनी मात्र आकड्याची वाट न पाहता या कामापासून पूर्णपणे दूर राहावे.